चौथा पाय, तात्पुरता आत

मित्रांनो, हत्तीण पोचली. ती माझ्या फाळक्यावरून खाली उतरली, समोरच्या तळ्याकडे चालत गेली आणि तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

आता हे मी सांगितलंच नाही असं धरून चाला. तुम्हाला काही कळलेलं नाही, मला काही ठाऊक नाही आणि हत्तीण अजून निघालेलीसुद्धा नाही. कोर्टात असं पुष्कळदा करतात. साक्षीदार भलतंच काहीतरी बोलून बसतो, मग न्यायाधीश म्हणतात, हे कामकाजातून वगळा, आणि सगळी मंडळी ऐकलेलं न ऐकल्यासारखं तोंड करून बसतात. मी ते तोंड जवळून पाहिलं आहे. साधारण तसं तोंड करा, म्हणजे मला सुरुवात करता येईल.

मी एक जुना ट्रक आहे. रंगानं निळा. कारखान्यातून निघालो तेव्हा माझ्याकडे इंजिन होतं, चाकं होती आणि मागे नुसती हवा. हौदा बांधला तो एका सुतारानं. तो त्या दिवशी बायकोशी भांडून आला होता, त्यामुळे खिळे अंमळ खोलच गेले. त्यातला एकही आजवर हललेला नाही. भांडणाचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, पण माझं भलं झालं.

उमेदीच्या काळात मी विटा वाहिल्या, भुसा वाहिला, आरसे वाहिले. एकदा तर एक अख्खं लाकडी घर वाहिलं. घरमालकाची आत्या आत झोपली आहे हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. वाटेत तिनं खिडकी उघडली, ड्रायव्हरला 'जरा सावकाश घे रे बाबा' म्हणून सांगितलं आणि खिडकी पुन्हा लावून घेतली. आम्हा ट्रकांना शाबासकी अशी फारशी मिळत नाही. माल उतरवताना कुणीतरी 'पोचला एकदाचा' म्हणतं, तेवढ्यावर पुढचे कितीतरी मैल निघतात.

मग मला एका संस्थेनं विकत घेतलं. माणसांच्या ताब्यातल्या प्राण्यांसाठी काम करणारी संस्था होती आणि एक बाई ती चालवायच्या. बाईंनी माझ्या हौद्याला जाड गज बसवले, तळाला रबर घातलं, पाण्याची टाकी लावली आणि फाळका असा केला की तो खाली सोडला की त्याचा उतार व्हावा. मागच्या बाजूला रंगाऱ्यानं मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सावकाश. आत हत्ती आहे.' प्रत्यक्ष हत्ती यायला अजून अवकाश होता, म्हणून मधल्या काळात मी त्याच पाटीखाली कोबी वाहिला. मागून येणाऱ्या गाड्या अदबीनं अंतर ठेवून चालायच्या. कोबीला असा मान पूर्वी कधी मिळाला नसावा.

आणि मग थोरली आली.

थोरली म्हणजे ती हत्तीण. शहराबाहेरच्या एका मोठ्या हॉटेलच्या दारात ती उभी असायची. गाडी आली की सोंड वर करायची. पाहुणे खूश होऊन आत जायचे, ती पुढच्या गाडीची वाट बघायची. काम म्हणाल तर एवढंच. पण ते दिवसभर गुळगुळीत फरशीवर उभं राहून करायचं होतं आणि हत्तीचा पाय काही फरशीसाठी केलेला नसतो. तिच्या तळव्यांना भेगा पडल्या, नखं सुजली. बाई कोर्टात गेल्या. बरीच वर्षं तारखा पडल्या आणि शेवटी कोर्टानं सांगितलं, हिला नदीपलीकडच्या हत्तींच्या निवाऱ्यात पाठवा. तिथे माती होती, चिखल होता, तळं होतं आणि बाकीचे हत्ती होते.

तिला सांभाळायचे माहूतकाका. त्यांच्या आधी त्यांचे वडील सांभाळायचे. काकांचा जन्म झाला तेव्हा ती घरात होतीच, म्हणून ती थोरली. काकू म्हणायच्या, मला या घरात सासू नाही, पण तिची उणीव कधी भासली नाही. काकांच्या तोंडी एक वाक्य कायम असायचं. पाहुण्यांना, आचाऱ्यांना, डॉक्टरांना, ज्याला त्याला ते सांगायचे, "मी नसलो तर ही घासाला तोंड लावत नाही." ऐकणारा हळहळायचा आणि काकांची मान जराशी ताठ व्हायची. पुढे जे रामायण घडलं ते या एका वाक्यामुळे.

निवाऱ्याचा नियम साधा होता. जुन्या माहुतानं हत्ती पोचवायचा, नव्या माणसांच्या हाती द्यायचा आणि परत जायचं. परत गेल्यावर काकांसाठी हॉटेलनं नोकरी ठेवली होती. त्याच दारात उभं राहून पाहुण्यांच्या गाडीचं दार उघडायचं. म्हणजे सोंडेचं काम त्यांनी हातानं करायचं.

निघायच्या दिवशी थोरली फाळक्यावरून वर चढली आणि चाकांवरचे माझे स्प्रिंगचे पाटे खाली बसले. विटांनीही ते बसायचे, पण विटा श्वास घेत नाहीत. हौदा हत्तीवर असतो असं मी ऐकून होतो. इथे हत्ती हौद्यात होता आणि तो हौदा माझा होता. त्या दिवशी मला वाटलं, आजवर मी रिकामाच हिंडत होतो.

आम्ही रमतगमत नदीपर्यंत आलो. पूल ओलांडला की पलीकडे निवाऱ्याचं फाटक दिसत होतं. बाई आधीच तिथे जाऊन हात हलवत उभ्या होत्या. तेवढ्यात काकांनी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलं.

माहुतांची एक रीत असते. हत्तीला पुलावर घालण्याआधी त्याला पूल तपासू द्यायचा. हत्ती पुढचा पाय टाकून बघतो, सोंडेनं हुंगतो, पूल आपल्याला पेलेल असं त्याला पटलं तरच पुढे जातो. काकांच्या वडिलांनी एकही पूल असा तपासल्याशिवाय ओलांडला नव्हता.

"अहो काका, पूल मी ओलांडणार आहे, ती नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"पायाखाली काय आहे ते तिला कळायला नको?"

"तिच्या पायाखाली ट्रक आहे."

"मग ट्रकच्या पायाखाली?"

ड्रायव्हर खाली उतरला. उत्तर माझ्याकडे होतं, पण मला कुणी विचारलं नाही. फाळका सोडला. थोरली उतरली, पुलावर एक पाय ठेवून उभी राहिली. मग तिनं कठडा हुंगला, नदीकडे बघितलं, शेजारचं एक झुडूप खाल्लं आणि मग दुसरं. काका काही घाई करत नव्हते. ते तिच्या कानामागे खाजवत होते. पुलापलीकडे बाईंचा हलणारा हात हळूहळू खाली आला. शेवटी ड्रायव्हरनंच पेंढी दाखवून तिला वळवलं. ती चढायला लागली. तीन पाय आत आले, चौथा अजून फाळक्यावर होता, एवढ्यात मागून एक स्कूटर आली. हेल्मेट घातलेला गृहस्थ उतरला आणि म्हणाला, मी बेलिफ, वरच्या कोर्टाचा हुकूम आहे, जैसे थे.

हॉटेलचे मालक त्या सकाळी वरच्या कोर्टात गेले होते. त्यांच्या वकिलांनी अर्जात एकच मुद्दा लावून धरला होता. हा माहूत नसला तर ही हत्तीण अन्न घेत नाही, निवाऱ्यात ती उपाशी मरेल. खुद्द माहुताची सही आहे. सही खरोखरच होती. वकिलांनी विचारलं होतं, तुम्ही म्हणता ते खरं ना, आणि काकांनी नेहमीसारखी मान ताठ करून 'तर काय' म्हटलं होतं. कोर्टानं सांगितलं, पुढचा आदेश होईपर्यंत हत्तीण आहे त्या ठिकाणी, आहे त्या स्थितीत राहील.

बेलिफ अतिशय सरळ माणूस होता. त्यानं हत्तिणीकडे बघितलं, मग हुकुमाकडे, मग पुन्हा हत्तिणीकडे. म्हणाला, तीन पाय आत, एक बाहेर, ही स्थिती. ड्रायव्हर म्हणाला, अहो साहेब, निदान तो एक पाय तरी आत घेऊ द्या. बेलिफनं बाजूला जाऊन बराच वेळ फोनवर कुणाकुणाला विचारलं आणि परवानगी आणली. चौथा पाय तात्पुरता आत घेण्यास हरकत नाही, मात्र त्यावरून कोणत्याही पक्षाला कुठलाही हक्क सांगता येणार नाही. पाय आत आला. फाळका वर गेला. आणि मी तिथेच राहिलो, पुलाच्या अलीकडे, फाटक दिसत असताना.

मित्रांनो, यानंतरचे दिवस आठवले की मला आजही मान खाली घालावीशी वाटते. मला मान नाही, हा भाग वेगळा. आमच्या शेजारी एका चहावाल्यानं टपरी टाकली. लोक जमायला लागले. रस्त्यात उभा केला म्हणून ट्रॅफिक पोलिसानं माझ्या चाकाला कुलूप घातलं. मी हलू नये अशी आता दोन खात्यांची इच्छा होती.

एके दिवशी हॉटेलचे वकील आले. त्यांनी मला आतून बाहेरून न्याहाळलं आणि कोर्टात लिहून दिलं की ट्रक ऐसपैस आहे, हवेशीर आहे, नदीकाठी आहे, हत्तिणीची कोणतीही गैरसोय नाही. ड्रायव्हरनं ते मोबाइलवर मोठ्यानं वाचून दाखवलं. उभ्या आयुष्यात माझं इतकं कौतुक कुणी केलं नव्हतं. आणि ऐकताना माझी छाती फुगली, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. संस्थेच्या वकिलांनी उलट लिहिलं, ट्रक कोंदट आहे, गैरसोयीचा आहे, जनावर ठेवण्याच्या लायकीचा नाही. मला निवडणारी, मला गज लावणारी हीच संस्था होती. बाई स्वतः येऊन कॅमेऱ्यासमोर तसंच बोलल्या. बोलताना त्यांचा एक हात मात्र माझ्या फाळक्यावरून फिरत होता.

काका पहिले काही दिवस खुशीत होते. बादल्या भरभरून तिला आंघोळ घालायचे, तिच्याशी गप्पा मारायचे. मुक्काम वाढला म्हणून ड्रायव्हर त्यांची थट्टा करायचा आणि ते हसण्यावारी न्यायचे. मीही खुशीत होतो. ती हौद्यात आहे, उबदार आहे, माझ्या फळीला पाठ घासते आहे, आणखी काय हवं? तिला काय हवं हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मग ती डोलायला लागली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. तिच्याबरोबर मीही हलायचो. लोकांना वाटलं ती नाचते आहे. एक जण माउथ ऑर्गन घेऊन आला आणि तिच्या तालावर वाजवायला लागला. लोक टाळ्या वाजवत होते, मुलांना खांद्यावर घेऊन दाखवत होते, आणि मी सगळ्यांसमोर एखाद्या झोपाळ्यासारखा हलत होतो. काका गर्दीला सांगायला गेले की हा नाच नव्हे, हत्तीला त्रास झाला की तो असा डोलतो. एकानं त्यांना बाजूला सरका म्हटलं, त्याच्या फोटोत ते येत होते.

डॉक्टर आल्या, पाय बघितले. म्हणाल्या, नखाखाली पू झाला आहे, हिला मातीवर उतरवा. माती माझ्या फाळक्यापासून हातभर अंतरावर होती. पण हुकूम हुकूम होता. काका घमेल्यात कोमट पाणी घेऊन एकेक पाय शेकायचे. एकदा तिनं डावा मागचा पाय उचलला तो परत टेकवलाच नाही. तशीच उभी राहिली. काका घमेलं धरून कितीतरी वेळ खालीच बसून होते. त्या दिवसापासून ते गप्प झाले. ड्रायव्हरनंही थट्टा बंद केली.

शेवटी वरच्या कोर्टाच्या न्यायाधीशबाई स्वतः पाहणीला आल्या. चहावाल्यानं खुर्च्या दिल्या. माझ्या सावलीत कोर्ट भरलं. थोरली वरून सगळ्यांच्या डोक्यांकडे बघत होती. हॉटेलचे वकील उभे राहिले आणि त्यांनी काकांना मोठ्या आपुलकीनं पुढे बोलावलं. आपला साक्षीदार, आपला हुकमी पत्ता. काकांनी फक्त रोजचं वाक्य म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर थोरली परत हॉटेलच्या दारात गेली असती, आणि तिच्याबरोबर काकाही. त्यांची माहुताची नोकरी, त्यांचा सगळा जन्म त्यांना परत मिळाला असता.

"तुम्ही नसलात तर ही जेवत नाही, बरोबर?" वकिलांनी विचारलं.

"जेवते," काका म्हणाले.

वकील हसले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला प्रश्न कळला नाही. त्यांनी तो पुन्हा विचारला.

"जेवते हो. मुलीच्या लग्नाला मी सुट्टी घेऊन गेलो होतो. परत आलो तर ही मजेत. आचारी म्हणाला, रोजच्यापेक्षा जरा जास्तच खाल्लं. मी त्याला म्हटलं, कुणाला सांगू नकोस."

माहुताच्या जातीत याहून मोठी नामुष्की नसते. आपला हत्ती आपल्यावाचून व्यवस्थित जेवतो, हे कुठला माहूत चारचौघांत कबूल करेल? काकांचे कान लाल झाले होते. ते जमिनीकडे बघत होते.

"मग इतकी वर्षं सगळ्यांना सांगत होतात ते?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"बरं वाटायचं, बाईसाहेब," काका म्हणाले.

वकिलांनी हरकत घेतली की साक्षीदारावर दबाव आहे. तेव्हा न्यायाधीशबाई म्हणाल्या, बघूनच टाकू. माहुतानं नजरेआड जावं, हत्तिणीला ड्रायव्हर खायला घालेल. काका टपरीच्या मागे जाऊन बसले. ड्रायव्हरनं ऊस पुढे केला. थोरलीनं काका गेले त्या दिशेला सोंड केली. मला तर वाटलं, ही आता काकांची लाज राखणार, कणभरही खाणार नाही. मग तिनं ऊस घेतला. दुसरा घेतला. मग सगळी मोळी, मग मोळीची दोरी, आणि शेवटी हॉटेलच्या वकिलांनी कठड्यावर ठेवलेली केळी.

टपरीमागे काकांनी चहावाल्याला विचारलं म्हणे, खातेय का रे. चहावाला चांगला माणूस. तो म्हणाला, छे हो काका, तोंड फिरवून उभी आहे, बघतसुद्धा नाही.

"खोटं बोलतोस," काका म्हणाले. "ऊस मोडल्याचा आवाज येतोय." आणि मग म्हणाले, "ही शेंडा आधी खाते. शेंडा संपला बघ." चहावाल्यानं हे नंतर ड्रायव्हरला सांगितलं, तेव्हा मी तिथेच होतो. दुसरीकडे कुठे असणार?

हुकूम उठला. चाकाचं कुलूप निघायला थोडा वेळ लागला, कारण किल्ली ज्याच्याकडे होती तो रजेवर होता. मग आम्ही पूल ओलांडला. या वेळी काकांनी थांबवलं नाही. पलीकडे पोचल्यावर काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही, कारण मी ते सांगितलेलंच नाही. एवढंच सांगतो, निवाऱ्याच्या नव्या माणसानं काकांना विचारलं, हिच्याबद्दल काही सांगायचं आहे का. काका म्हणाले, डावा मागचा पाय आधी धुवा. बाकी खाते-पिते व्यवस्थित. येताना ते केबिनमध्ये बसले नाहीत. रिकाम्या हौद्यात, गज धरून उभे राहून आले. मागच्या गाड्यांनी पाटी वाचून आमच्यापासून अंतर ठेवलं.

परतल्यावर मला पुरावा म्हणून कोर्टाच्या आवारात आणून लावलं. हत्तिणीवरचा हुकूम उठला, पण त्या कागदात 'ट्रकसह' असा एक शब्द होता. तो उठवायचं कुणाला सुचलं नाही. म्हणून मी जैसे थे आहे. माझ्या बॉनेटवर कारकून आपले डबे वाळत घालतात. टायर बसलेत. कबुतरं आहेत. माझ्यावरच्या घरात झोपून गेलेल्या त्या आत्या हयात असत्या तर त्यांनी निदान काच तरी पुसली असती.

कधीमधी काका येतात, सुट्टीच्या दिवशी, हॉटेलचा गणवेश उतरवून. हौद्यात चढतात, फळीला हात लावून उभे राहतात. मग चौकीदार ओरडतो, मुद्देमालात उभं राहू नका, आणि ते बिचारे निमूट उतरतात. निवाऱ्याकडे ते एकदाही गेलेले नाहीत. ड्रायव्हरनं विचारलं तर म्हणाले, जाऊन काय करू, तिनं ओळखलं तरी पंचाईत, नाही ओळखलं तरी पंचाईत.

मित्रांनो, तुमच्यावर कुणाचा भार असेल, कुणी तुमच्या दारात, गोठ्यात, पिंजऱ्यात, हौद्यात उभं असेल, तर ते तिथे कशावर उभं आहे ते एकदा वाकून बघा. आम्ही दोघांनी बघितलं, पण फार उशिरा.

सबब मेहेरबान कोर्टास अर्जदार ट्रक याची नम्र विनंती की, प्रस्तुत प्रकरणी उत्पन्न झालेली सर्व लाज आजमितीस अर्जदाराच्या एकट्याच्या हौद्यात भरलेली असून ती मंजूर क्षमतेपेक्षा अधिक आहे. तरी तिचे रीतसर वजन करून ती हॉटेल, संस्था, उभय पक्षांचे वकील, टाळ्या वाजवणारे लोक, माउथ ऑर्गनवाले गृहस्थ व अर्जदार यांच्यात समप्रमाणात वाटून देण्यात यावी. माहुताने आपला हिस्सा नदीकाठी सर्वांसमक्ष यापूर्वीच भरला असल्याने, त्यांचे नाव वाटपातून कायमचे वगळण्यात यावे.